बंद दाराची काच

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना आगारातले सगळे चौकशीबाई म्हणत. हे नाव नोकरीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर वाहकांच्या खोलीत कायम दोन तट असत. माइक त्यांच्याच ताब्यात. त्यांनी "लक्ष द्या" म्हटलं की बाकावर डुलक्या घेणारी माणसं आपलीच बस लागली समजून बोचकी उचलायची. नुसता फलाट सांगून थांबणं बाईंना कधी जमलं नाही. बसला उशीर का झाला, घाटात काय झालं असणार, चालक नवा आहे तेव्हा घाई करू नका, असा मजकूर मागून यायचाच. एकदा वरिष्ठांनी समज दिली, "घोषणा थोडक्यात करा." त्या समजेचीही बाईंनी घोषणा केली, असं सांगतात. खरं नसावं, पण आगारात त्याला खोटं म्हणणारा माणूस अजून सापडलेला नाही.

अशा बाईच्या पोटी जन्मापासून ऐकू न येणारी मुलगी आली. आगारात बसच्या वेळा सांभाळणारा कंट्रोलर म्हणाला, "पोरगी नशिबाची." हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला ती शिक्षा वाटली नाही, हे त्यांना जास्त लागलं.

पण एक मात्र खरं. मुलगी रांगायच्या आत बाई हाताची भाषा शिकल्या. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बालवाडीत इतर आया मुलं सोडून घरी जायच्या. बाई मात्र पोरांच्या रांगेत मागे मांडी घालून बसायच्या. त्यांच्या हातांना त्यांच्या जिभेचाच वेग आला. शिवाय जीभही थांबत नसे, त्यामुळे बाई मुलीशी बोलायला लागल्या की बघणाऱ्याला एकाच वेळी दोन बाया भांडताहेत असं वाटायचं. मुलीचा बाप आगाराच्या कार्यशाळेत मिस्त्री. तो घरात इंजिनापुढे उभा राहिल्यासारखा राहायचा, म्हणजे ऐकायचा जास्त. त्याला मोजक्या खुणा येत: जेव, झोप, शाब्बास, आणि 'आईला सांगू नको.'

मुलगी जन्मली तेव्हा मुठीएवढी होती, म्हणून ती बारकी. आता ती आईपेक्षा बोटभर उंच झाली होती तरी बारकीच. बालवाडी आणि पुढची खास शाळा संपल्यावर ती गावातल्या साध्या माध्यमिक शाळेत जाऊ लागली. तिला सोडायला आई, आणायला आई, दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत तिचं तोंड म्हणजे आई. लोकही सवयीने बारकीकडे न बघता आईलाच विचारत, "हिला सरबत चालेल ना?" आणि आई विचारायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची, "चालेल, साखर कमी."

मग बारकीची उजवी भुवई विरळ व्हायला लागली.

बाईंना वाटलं, नवी फॅशन. मिस्त्रीला वाटलं, काहीतरी चावलं. शाळेत बारकीसारख्या मुलांसाठी नेमलेली एक शिक्षिका होती, तिच्या मात्र लक्षात आलं की ही वर्गात बसल्या बसल्या भुवईचा एकेक केस उपटते, आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या जिन्याखाली एकटी जाऊन बसते. शिक्षिकेने आरोग्य खात्याच्या समुपदेशक बाईंना कळवलं. त्या दर बुधवारी शाळेत यायच्या. सरकारी सेवा, पैसे नाहीत, फक्त पालकांची संमती लागायची.

समुपदेशनाची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. अजूनही पावसाळी हवेत तिथे चेंडूचा वास यायचा. एक बुटकं टेबल, तीन खुर्च्या, वाळूचा खोका, आणि एक कापडी हत्ती, ज्याची सोंड कुण्या अस्वस्थ जिवाने पिळून पिळून दोरीसारखी केली होती. पहिल्या बुधवारी अर्थातच मध्यस्थ म्हणून आई बसली.

"शाळेत कसं वाटतं तुला?" समुपदेशक बाईंनी बारकीकडे बघत विचारलं.

बाईंनी प्रश्न हातांनी पोचवला. बारकीने खांदे उडवले आणि दोन खुणा केल्या.

बाई सुरू झाल्या, "ती म्हणते, शाळा चांगली आहे, शिक्षक जीव लावतात, गणित जरा जड जातं पण तिचे बाबा घेतात समजावून. डबा खाते पूर्ण. आता भूक लहानपणापासून बेताचीच, सातव्या महिन्यातली ना ती, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते..."

"हे सगळं ती म्हणाली?"

"म्हणाली नाही. पण तिला म्हणायचं तेच असतं."

"ताई, तिने दोनच खुणा केल्या."

"आमची भाषा आटोपशीर असते, मॅडम."

त्या दोन खुणांचा अर्थ होता 'आईला विचारा.' आईलाच विचारल्यासारखी आईने उत्तरं दिली, त्यात तिला काही गैर वाटायचं कारणच नव्हतं.

समुपदेशक बाईंनी खात्याकडे दुभाषी मागितली. खात्याने उलट विचारलं, मुलीला आई आहे ना? त्या म्हणाल्या, आई आहे म्हणूनच हवी. कागद इकडून तिकडे फिरले, आणि एका बुधवारी दुभाषी आली. चोविशी-पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, अंगात साधा काळा कुडता, म्हणजे हात स्पष्ट दिसावेत. तिने बाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही आता बाहेर बसायचं."

"मी? माझ्या पोटच्या पोरीचं बोलणं मला सोडून तुम्हाला कळणार?"

"मला कळलं तरी ते माझ्यापाशी राहणार नाही. एका कानाने... म्हणजे एका डोळ्याने घेऊन तोंडाने देऊन टाकायचं. पोटात ठेवायचं नाही, बाहेर सांगायचं नाही."

समुपदेशक बाईंनी मोठ्या अभिमानाने दार दाखवलं. आतून फोमचा जाड थर, फटींना रबर. "कान लावून उभ्या राहिलात तरी शब्द ऐकू येणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलांचा विश्वास बसायला हवा ना." दारात मधोमध वीतभर रुंदीची उभी काच होती. लहान मुलासोबत मोठं माणूस बंद खोलीत असेल तर बाहेरून दिसलं पाहिजे, असा नियम. नियम चांगलाच होता.

दार लागलं. समोर व्हरांड्यात बाक होता. बाई फणकाऱ्याने बाकावर बसल्या, पर्स मांडीवर आपटली, आणि वर बघितलं.

काचेतून बारकी दिसत होती. समोरून. तोंड, खांदे, दोन्ही हात.

कान लावायची गरजच नव्हती.

आता बाईंची बाजूही सांगायला हवी. पहिल्यांदा त्यांनी बघितलं ते पोर रडत तर नाही ना, एवढ्यासाठी. आई आहे, बघणारच. पण समोर लिहिलेलं वाचता येणाऱ्या माणसाने ते वाचायचं नाही म्हटलं तर कसं जमणार? डोळे तिकडे गेले की अर्थ आपोआप आत येत होता. त्यात ज्यांची हयात दुसऱ्यांच्या चौकशीत गेली, त्यांच्यापुढे, मांजरापुढे ठेवावं तसं, खात्याने दुधाचं भांडं आणून ठेवलं, वर काचेचं झाकण घातलं आणि समजलं की झाकलं.

बारकी आधी घुटमळली, मग तिचे हात सुटले. इतकं लांब, इतकं सलग बोलताना बाईंनी तिला कधी बघितलं नव्हतं. बघणार कधी? मध्ये त्या स्वतःच असायच्या.

'माझं वाक्य संपायच्या आत आई उत्तर देते,' बारकी सांगत होती. 'वर्गातल्या मुली मला काही विचारायचं असेल तर शाळा सुटेपर्यंत थांबतात आणि आईला विचारतात. मला पाळी आली ते आईने बसस्थानकावर सांगितलं. एका वाहक मावशीने माझे गाल ओढले.'

बाई बाकावर ताठ झाल्या. 'एकीलाच सांगितलं होतं,' असं त्यांच्या ओठांवर आलं. पण ऐकायला व्हरांड्यात कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळपासून घरात चमत्कार सुरू झाले. बाईंनी सांगितलं, उद्यापासून शाळेत बसने तुझी तू जा. पाहुण्यांनी "हिला चहा चालेल?" विचारलं तर बाई ओठ मिटून छताकडे बघू लागल्या. पाहुणे घाबरले. मिस्त्रीने हळूच विचारलं, "काय गं, दात दुखतोय का?"

"तुम्हाला काय करायचंय? माणसाने बदलूच नये का?"

"बदलावं. पण आधी कल्पना द्यावी."

बुधवारमागून बुधवार गेले. बारकी जिन्याखालून उठून मैदानाच्या कडेला बसू लागली. भुवईवर बारीक काळी लव दिसायला लागली, कोवळ्या रोपासारखी. बाई रोज सकाळी ती लव चोरून बघत आणि मनात म्हणत, माझ्यामुळे. आणि ते निम्मं खरंही होतं, हीच त्यातली पंचाईत. त्या बाकावर बसून मुलीची दुखणी वाचत होत्या, घरी येऊन एकेक दुरुस्त करत होत्या, नवऱ्याने नटबोल्ट आवळावेत तशा. चोरी असेल, पण गुण येत होता. मग कोण सोडतो?

एका बुधवारी बारकीने आत वेगळंच सांगितलं. दहावीनंतर तिला दूरच्या शहरात जायचं होतं. तिथे ऐकू न येणाऱ्या मुलांचं कॉलेज होतं, वसतिगृह होतं, चित्रांचा आणि छपाईचा अभ्यासक्रम होता. 'तिथे सगळेच हातांनी बोलतात,' ती म्हणाली. 'कँटीनवालासुद्धा. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला कळलं तर ती सोबत राहायला येईल.'

बाई उठून नळावर गेल्या, तोंड धुतलं, परत येऊन बसल्या.

घरी त्यांनी ताटं वाढली, बसल्या, आणि पहिल्या घासालाच त्यांचा बांध फुटला. दोन्ही हातांनी आणि शिवाय तोंडाने, "वसतिगृहातलं जेवण म्हणजे काय असतं ठाऊक आहे का? पाण्यात डाळ शोधावी लागते. पाली असतात. आजारी पडलं तर विचारणारं कुणी नाही. मुलीच्या जातीला..."

"कुठलं वसतिगृह?" मिस्त्रीने विचारलं.

बाईंचे हात हवेत तसेच राहिले.

बारकी आईकडे बघत होती. मग तिने घास ताटात ठेवला, हात धुतले, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ऐकू न येणाऱ्या मुलीने दार लावलं तर घर किती बंद होतं, हे ज्याला बाहेरून हाका मारण्यातला फोलपणा माहीत आहे त्यालाच समजेल.

पुढच्या बुधवारी बारकी आत जाऊन बसली ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून. समुपदेशक बाईंनी विचारलं, दुभाषीने विचारलं, वाळूचा खोका पुढे केला, हत्ती पुढे केला. हात बाहेर आले नाहीत. बाकावरून बाईंना सगळं दिसत होतं आणि वाचायला काही नव्हतं.

त्याच दिवशी बारकीने शिक्षिकेला फोनवर निरोप लिहिला: मी आत सांगितलेलं घरी कळतं. दुभाषी सांगते. आता मी कुणालाच काही सांगणार नाही.

हे बाईंना कळलं ते दुभाषीच्याच तोंडून. दोन दिवसांनी ती चौकशीच्या खिडकीशी आली. खात्याच्या कार्यालयात जायचं होतं, बस कोणती ते विचारायला. बाईंना बघून ती कसनुसं हसली.

"मला बोलावलंय, काकू. तक्रार आलीय. मी बाहेर बोलले म्हणे."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? बोलले नाही, एवढंच. पण कळलंय तर खरं. आत तिघीच होतो. ती, समुपदेशक मॅडम आणि मी. त्यांच्यावर तर कुणी संशय घेणार नाही." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "माझ्या आईबाबांना दोघांनाही ऐकू येत नाही. दवाखान्यात बाबांच्या आजाराचं डॉक्टर मला सांगायचे, मी बाबांना सांगायचे. मी शाळकरी होते तेव्हा. घरी आजीने किती खोदून विचारलं तरी तिला कधी बोलले नाही. हे एकच काम मला नीट येतं, असं वाटायचं." मग ती म्हणाली, "नोकरीचं बघता येईल काहीतरी. पण त्या पोरीने हात मांडीखाली घातलेत. आता ती दुसऱ्या दुभाषीसमोरही काढायची नाही. कोणती बस म्हणालात?"

बाईंनी बस सांगितली. फक्त बस आणि फलाट. बाकी काही नाही. त्यानंतरच्या घोषणेत त्यांनी एका भरलेल्या रांगेला चुकीच्या फलाटावर पाठवलं. माणसं ओझी घेऊन तिकडे धावली, शिव्या देत परत धावली. कंट्रोलर खिडकीशी आला आणि म्हणाला, "वहिनी, इतक्या वर्षांत तुमची घोषणा लांब झाली, पण खोटी नव्हती झाली कधी."

बाईंनी माइक बंद करून बाजूला सरकवला. कंट्रोलरला काळजी वाटली आणि तो स्वतः होऊन चहा घेऊन आला.

घरी बारकीची भुवई पुन्हा उघडी पडली होती. या खेपेला डावीही.

बाईंनी मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो हातांवरचं ग्रीस पुसत ऐकत राहिला. "तर पोरीला सांग," एवढंच म्हणाला.

"ती पुन्हा तोंड बघायची नाही माझं."

"बघणार. तिला दुसरं काय करता येतं? बघतच बोलते ती."

बुधवारी खोलीत समुपदेशक बाई, शिक्षिका आणि दुभाषी होत्या; दुभाषीला शेवटचं विचारायचं म्हणून बोलावलं होतं. बारकी तशीच, हातांवर बसलेली. बाईंनी दार ढकललं आणि आत आल्या.

"ताई, तुम्ही बाहेर..." समुपदेशक बाई म्हणाल्या.

बाई मुलीसमोर उभ्या राहिल्या. हात वर केले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात बोलले आणि तोंड बंद राहिलं. दुभाषी क्षणभर चपापली, मग कामाला लागली. बाईंच्या हातांमागून तिचा सपाट, शांत आवाज येऊ लागला.

"हिने मला काही सांगितलेलं नाही. मी बाहेर बाकावर बसते. त्या काचेतून तुझे हात दिसतात. मी पहिल्या दिवसापासून सगळं वाचलं."

समुपदेशक बाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं. फोम, रबर, आणि मधोमध स्वच्छ पुसलेली काच. त्यांनी कपाळाला हात लावला. शिक्षिका पुटपुटली, "आपण आवाजाचाच विचार केला."

बारकीचे हात हळूहळू मांड्यांखालून बाहेर आले. आधी तिने दुभाषीकडे बघितलं आणि छातीवर मूठ फिरवली, माफीची खूण. मग आईकडे वळली. तिचे हात इतके जोरात चालले की टेबलावरचा हत्ती खाली पडला.

बाईंची जीभ सवयीने वळवळली, 'ती म्हणते...' त्यांनी दात दाबून धरले. दुभाषी बोलत होती, आणि ती 'ती म्हणते' म्हणत नव्हती. ती म्हणत होती 'मी'.

"मी तुझ्यावर फार चिडलेय. मला एवढी एकच जागा होती. तू मला बसने एकटी जाऊ दिलंस तेव्हा मला वाटलं, मी मोठी झाले. ते तू चोरून वाचलं होतंस. माझ्याबद्दल माझ्या आधी तुलाच सगळं कळतं. मला काहीतरी असं पाहिजे, जे तुला माहीत नाही."

बाईंनी मुलीच्या तोंडचा 'मी' याआधी ऐकलेला नव्हता. आवाज परक्या पोरीचा होता, तरी त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी एकच प्रश्न केला, हातांनीच.

"मी काय करू?"

"बाहेर जा," दुभाषी म्हणाली, म्हणजे बारकी म्हणाली.

बाई बाहेर गेल्या. आत काच झाकायची चर्चा सुरू झाली असावी; शिक्षिकेने कागद लावून बघितला, समुपदेशक बाईंनी मान हलवून काढायला लावला, कारण नियम. मग बारकी स्वतःच उठली, तिने आपली खुर्ची ओढून उलट्या बाजूला लावली, दुभाषीची समोर नेली, आणि दाराकडे पाठ करून बसली. शिक्षिका बाहेर आली आणि दार लागलं.

आता काचेतून बारकीची वेणी दिसत होती आणि दोन कोपरं. दुभाषीही तिच्याआड गेली होती. कोपरं बराच वेळ अंगाला चिकटून होती. बाई बाकावरून उठल्या. समोरून बघत बसण्यात अर्थ नव्हता आणि दुपारची ड्यूटी होती. व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन त्यांनी एकदाच मागे बघितलं. कोपरं हलत होती. भरभर. काय चाललं होतं, देव जाणे.

बसस्थानकावर कंट्रोलरने विचारलं, "काय वहिनी, काय म्हणते मुलगी?"

बाई खुर्चीत बसल्या, माइक पुढे ओढला. "मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत?"

"तिलाच विचारा. साडेपाचच्या बसने येईल ती, एकटी."

"अहो, पण मला कुठे येते ती हातांची भाषा?"

"मग शिका," बाई म्हणाल्या. "बसा इकडे. पहिली खूण, 'कशी आहेस.' हात असा नाही, असा. अंगठा आत कशाला दुमडताय? लाजताय की काय?"

बाहेर फलाटावर एक बस लागली होती आणि माणसं खिडकीकडे बघत घोषणेची वाट पाहत उभी होती.